किल्ल्यावर कोणीतरी हवं

राजकन्येला बोट लागायची. जिचं अख्खं माहेर समुद्रात, तिलाच बोट लागावी यासारखी फजिती नाही. आज मात्र पोटात कितीही ढवळलं तरी माघारी फिरायची सोय नव्हती. वडील इस्पितळात होते, एक बाजू लुळी पडली होती, आणि डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं की ज्यांना भेटायचंय त्यांनी आजच भेटून घ्या. आई अजून किल्ल्यावर होती. तिला आणायला लेक निघाली होती, आणि मनातल्या मनात भांडणाची पूर्ण तयारी करून निघाली होती. होडी चालवणारा नवरा तिच्याकडे बघायचंसुद्धा टाळत होता.

राजकन्या हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. बंदरालगतच्या गल्लीत तिचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. मान खाली घालून बसलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, काय मग, तुमच्या देशाचं काय चाललंय? ती हसून वेळ मारून न्यायची आणि आतल्या आत जळायची.

देश म्हणजे काय, तर समुद्रात रोवलेले सिमेंटचे दोन जाडजूड खांब आणि त्यांच्यावर एक लोखंडी मजला. लढाईच्या दिवसांत सैन्याने बांधलेला आणि लढाई संपल्यावर विसरलेला. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. तांब्याच्या तारा मिळतील म्हणून ते एकदा त्या किल्ल्यावर चढले आणि परत येऊन बायकोला म्हणाले की हा कुणाचाच नाही, सरकारचा कायदाही इतक्या लांब पोहोचत नाही, आपण तिथे देश काढू. माणसं दुकान काढतात, शिकवणी काढतात. या गृहस्थाने देश काढला. बायको गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. तिने त्यांना डॉक्टरकडे न्यायचं सोडून विचारलं, झेंडा केवढा हवा?

सरकारने अर्थातच कोर्टात खेचलं. न्यायाधीशांनी बरंच डोकं खाजवून निकाल दिला की तिथे माणूस राहतोय तोवर किल्ल्याला हात लावू नये, आणि ज्या दिवशी तो रिकामा सापडेल त्या दिवशी तो सरकारजमा. तेव्हापासून गस्तीची बोट मनाला येईल तेव्हा यायची. साहेब कर्ण्यातून तीनदा पुकारायचे आणि वरून कोणीतरी ओ द्यायचं. दोघांपैकी एकाने किल्ल्यावर असायचंच, हा त्या घरचा नेम झाला. लेकीच्या लग्नाला वडील आले आणि आईने किल्ल्याच्या कठड्यावर घरातल्या झाडून सगळ्या रंगीत चादरी बांधल्या. पाहुण्यांनी आलटून पालटून दुर्बिणीतून बघितलं, फार कौतुक केलं. नवरीने बघितलं नाही. बाळंतपणातही तेच. आई यायची, नाही असं नाही, पण उन्हं उतरायला लागली की तिचं चित्त उडायचं आणि ती पिशवी उचलायची.

किल्ल्याला जिना नव्हता. वरून एक पाळणा सुटायचा, त्यात बसायचं आणि वरच्या माणसाने चाक फिरवून खेचायचं. डोळे गच्च मिटून, जीव मुठीत धरून लेक वर पोहोचली तेव्हा चाकापाशी आई उभी होती, घामाने निथळत, ठेवणीतले कपडे घालून. मजल्यावर तिसरं माणूस नव्हतं, तरी तिने लेकीचा पासपोर्ट मागितला, शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि मगच तिला जवळ घेतलं.

लेकीने तोंड सोडलं. काल स्वतःच्या नवऱ्याला एकट्याला पाळण्यातून खाली सोडलंस, तुझा पाय तरी कसा निघाला नाही, म्हणाली. आईने सगळं ऐकून घेतलं. पाय निघायला चाक कोण फिरवणार होतं, एवढंच तिने विचारलं. ते खरंच होतं. शेवटच्या माणसाला उतरवायला वर कोणी उरत नाही.

"मग आता चल," लेक म्हणाली. "खाली होडी उभी आहे. वाटेल ते करून उतरू. घेऊ दे सरकारला काय घ्यायचंय ते. आता कुणासाठी राखायचाय हा देश?"

"मला जायचंय गं," आई म्हणाली. "कालपासून घशाखाली घास उतरला नाही. पण मी दिसले की ते पहिलं विचारतील, वर कोण आहे. त्यांच्याशी मी आजवर खोटं बोलले नाही. आता काय सांगू?"

लेकीला इतका राग आला की तिने तिथेच सांगून टाकलं, जा, मी थांबते. तिला काय, आईला एकदाचं खाली पोहोचवायचं होतं. पुढचं पुढे. आईने चाकाचा खटका कसा धरायचा, कुठे ढील द्यायची ते दाखवलं आणि पाळण्यात बसली, मांडीवर पिशवी घेऊन, बसची वाट बघत असल्यासारखी. लेकीने खटका घट्ट धरून इंचाइंचाने ढील दिली. आईने वर एकदाही बघितलं नाही. तिचा लेकीवर भरवसा होता.

होडी दिसेनाशी झाली आणि राजकन्या आयुष्यात पहिल्यांदा आपल्या राज्यात एकटी उरली. वेळ जाईना म्हणून ती खोल्या बघत हिंडली. लहानपणी इथे ती सुट्टीपुरती यायची, शाळेसाठी मावशीकडे राहायची, आणि आल्यावरही तोंड फुगवून बसायची. आता ती कामाच्या माणसाच्या नजरेने बघू लागली. खांबाच्या पोटातल्या गोल खोलीला नीट बसेल असं कपाट वडिलांनी वाकवून केलं होतं. वादळात बरण्या पडू नयेत म्हणून प्रत्येक फळीला काठ होता. छताचं पाणी पन्हळीतून टाक्यांत उतरत होतं. पडदे वाऱ्याने उडू नयेत म्हणून आईने त्यांच्या दुमडीत जुने नट शिवून टाकले होते, आणि कुठलीही शिवण धरून ओढली तरी हलत नव्हती. मजल्यावर टपांत टोमॅटो लागले होते. इथे मातीचा कण नव्हता. ती सगळी माती पाळण्यातून, पिशव्या पिशव्यांनी वर आली होती आणि ते चाक आईने फिरवलं होतं.

तिची आजवर पक्की समजूत होती की वेड बापाचं आणि फरफट आईची. पण हे फरफटत आलेल्या बाईचं काम नव्हतं. वेड दोघांचं होतं, बरोबरीचं, आणि ते त्यांनी नुसतं मिरवलं नव्हतं, राबून उभं केलं होतं. इतकी वर्षं जपलेला राग असा हातातून निसटतोय याचाही तिला राग आला.

तेवढ्यात खाली इंजिनाचा आवाज आला.

"वर कोण आहे?" कर्ण्यातून साहेबांनी पुकारलं.

ती टोमॅटोच्या टपांमागे होती, खालून दिसत नव्हती. तिथेच मटकन खाली बसली. काहीच करायचं नव्हतं, फक्त मूग गिळून बसायचं होतं. देश संपला असता. आई कायमची घरी आली असती, नातवंडाला शाळेत सोडायला गेली असती. डोळा लागला होता, ऐकूच आलं नाही, असं नंतर सांगता आलं असतं आणि कोणी दोष दिला नसता.

"वर कोण आहे?"

आता आई इस्पितळात पोहोचली असेल. वडिलांच्या उशाशी असेल. त्यांनी विचारलं असेल आणि तिने उत्तर दिलं असेल. त्या बाईला खोटं बोलता येत नाही.

"वर कोण आहे? शेवटचं विचारतोय."

राजकन्या उठली आणि कठड्याशी गेली. खाली बघायची तिची छाती नव्हती, तरी तिने बघितलं.

"मी आहे," ती म्हणाली. आवाज खाली पोहोचला नाही म्हणून पुन्हा ओरडून म्हणाली.

"मी म्हणजे कोण?"

"इथलीच."

वडिलांची बातमी साहेबांपर्यंत पोहोचली होतीच. त्यांनी कर्णा खाली ठेवून नुसत्या आवाजात वडिलांची चौकशी केली, काही लागलं तर कळवा म्हणाले, आणि बोट वळवली.

उन्हं कलली तेव्हा भिंतीवरचा वायरलेस खरखरला. जावयाने होडीतला संच नेऊन दिला होता, त्यावर आई होती.

"त्यांना बोलता येत नाही," आई म्हणाली. "मला बघितलं आणि घाबरेघुबरे झाले. बोटाने सारखं वर दाखवायला लागले. मी सांगितलं, पोरगी आहे. दोनदा सांगावं लागलं, खरं वाटेना त्यांना. मग माझा हात धरला आणि शांत झोपले. अजून सोडला नाहीये."

मग आईने अगदी चाचरत, परक्या घरी काही मागावं तसं विचारलं, "मग आज मी इथेच राहू का गं?"

"राहा," राजकन्या म्हणाली. "आज राहा, उद्या राहा, त्यांना हवी असशील तोवर राहा. मी आहे इथे."

डोळे पुसून ती टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेली.