सवतीचं खुरपं

"अगं, कांदा खुरपतेस का कुरवाळतेस?" सासू बांधावरून ओरडली, तेव्हा धाकटी ओटीपोट दाबून वाफ्यातच बसली होती.

तिच्या हातातलं खुरपं सवतीचं होतं. पहिली मेली आणि वर्षभरानं धाकटी तिच्या जागी नांदायला आली. खुरप्याच्या मुठीला पहिलीच्या अंगठ्यानं खळगा पडला होता. धाकटीचा अंगठा त्यात बरोब्बर बसायचा आणि तिला त्याचंच भय वाटायचं. पहिलीचं नाव घरात कुणी काढत नसे. पण तिची पाटी, तिची तंबाखूची डबी, तिचा नवरा, सगळं धाकटीच्या वाट्याला आलं होतं. आता तिचं दुखणंही आलं.

नवरा जवळ आला की पाळी नसतानाही लाल डाग पडायचा. पहिलीचंही असंच सुरू झालं होतं, हे शेजारणीनं कानात सांगितलेलं. तेव्हापासून विहिरीवर धुणं आपटताना पाठीमागे आणखी कुणीतरी धुणं आपटतंय असं वाटायचं. वळून बघावं तर रिकामा दगड.

"आत्या, परत जातंय अंगावरून."

सासू जवळ येऊन बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "तिनंच धरलंय तुला. सवत मेली तरी सवतच. तिचा जीव माझ्या लेकात अडकलाय, बाई. तंबाखूची चिमूट धर दाढेला, दुखणं मरतं."

"तिलाही हेच सांगितलं होतंत?"

सासू खाली मान घालून तण उपटू लागली, आणि तणाबरोबर दोन चांगले कांदेही उपटून बसली.

धाकटीनं खुरपं कमरेला खोचलं आणि मातीच्या पायांनी थेट दवाखाना गाठला. नर्सबाईंनी पडद्याआड नीट तपासलं.

"लग्न कितव्या वर्षी झालं?"

"सोळाव्या. तीन लेकरं झाली पाठोपाठ."

"तंबाखू?"

धाकटीनं डबी पुढं केली. मग एकदम रडूच फुटलं. "बाई, मला सवतीनं धरलंय. तिलाही असंच जायचं. त्यातच गेली ती."

नर्सबाई हसल्या नाहीत. "मेलेलं माणूस कुणाला धरत नाही, पोरी. हे दुखणं एका विषाणूमुळं होतं. तो नवऱ्याकडून बाईला येतो, आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. तिला त्याच्याकडून आला असेल, तुलाही. पुष्कळ जणींचा आपसूक जातो. पण कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, वर तंबाखू, मग तो ठाण मांडतो. तुझ्या गर्भपिशवीच्या तोंडाशी डाग दिसतोय. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासतील. नुसता डागच असला, कॅन्सर झाला नसला, तर तिथंच जाळून टाकतील. वेळेवर आलीस."

घरी सासू उंबऱ्यातच वाट बघत होती. "सोडलं का तिनं?"

"तिचा काय दोष, आत्या? तिला दवाखान्यात कुणी नेलं नाही, एवढंच झालं." धाकटीनं डबी चुलीत टाकली. सासूनं पदरात तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच वाफ्यात उतरली. अंगठा खळग्यात बसवला. थोड्या वेळानं मागच्या ओळीत खुरपं चालल्याचा आवाज आला, अगदी तिच्याच हाताच्या लयीत. अंगावर काटा आला, पण या वेळी तिनं वळून पाहिलं नाही.

"बुधवारी मोठ्या दवाखान्यात जायचंय," ती हळूच म्हणाली. "तूही चल, बाई. तुझं जायचं राहूनच गेलं."