बिनतारणाची पदवी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. पोरं मला मायक्रोस्कोप म्हणतात. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे आणि तीन भिंगांपैकी एक कायमचं धुरकट झालं आहे. तरी माझ्याकडे कीव करून बघू नका. उरलेल्या दोन भिंगांतून मला अजून लख्ख दिसतं, आणि जे दिसलं ते सांगायला मी कुणाला भीत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. १९९० साली पेंढ्यात गुंडाळून मला घोडेगावच्या बाजूच्या एका शाळेत आणलं. हेडमास्तरांनी नारळ फोडला, हार घातला आणि मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. फुटला तर भरून कोण देणार, असं ते म्हणायचे. वर्षातून एकदा मुलं काचेबाहेरून माझी आकृती काढायची. माझ्या नळीला डोळा मात्र कुणी लावला नाही. अशी अकरा वर्षं गेली. मग एका जूनमध्ये मला मोडक्या बाकांबरोबर भंगारात काढलं.

त्या दिवशी शिनोलीची निर्मला बारावी सायन्सचा दाखला न्यायला आली होती. तिने मला बघितलं, वाकून माझा आरसा उन्हाकडे वळवला आणि नळीला डोळा लावला. मग शिपाई भिका यांना तिने भाव विचारला. भंगाराच्या भावात मी तिचा झालो. जीपमध्ये तिने मला मांडीवर घेतलं होतं.

तिचे वडील बहिरू यांच्याकडे चाळीस मेंढरं आणि भाताचं एक खाचर होतं. निर्मलाला पुण्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह आणि मेस धरून तीन वर्षांचा खर्च नव्वद हजार होता. चुलते संपत समजवायला आले. आपली मुलगी डी.एड. करतेय, दोन वर्षांत मास्तरीण होईल, हिलाही तिकडेच घाला, असं त्यांचं म्हणणं. निर्मलाची आई तुकाबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तिला काय पायजे ते इचारा की."

निर्मलाला बी.एस्सी.च पाहिजे होती. म्हणून बापलेक बँकेत गेले. कर्ज मागायचं तर काहीतरी दाखवावं लागेल, या समजुतीने बहिरूंनी मलाही पोत्यात घालून बरोबर घेतलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने कागद पुढे ओढला आणि आकडे मांडले. या पदवीवर लॅबमध्ये चार हजार मिळतील, हप्ता बावीसशेचा बसेल, उरलेल्या अठराशेत पुण्यात काय खाशील? इंजिनिअरिंग असतं तर गोष्ट वेगळी होती. शेवटी त्याने तारण काय आहे ते विचारलं. बहिरूंनी पोतं सोडलं आणि मला टेबलावर ठेवलं. साहेबाला हसू आवरेना.

निर्मला मात्र हसली नाही. तिने मला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"ह्यो तारण न्हाई, सायेब. शिक्षणाच्या कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत न्हाई, तुमच्याच भिंतीवर कागद लावलाय," ती म्हणाली. "अठराशेत काय खायचं ते माझं मी बघीन. तुमी नाय म्हणत असाल तर तसं लिहून द्या. खाली सही करा."

सही कुणी केली नाही. त्यांनी उद्या या, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. ती गेली. चौथ्या खेपेला कर्ज मंजूर झालं.

पुढचं मी फळीवर बसून ऐकलेलं आहे. सुट्टीत घरी आली की ती आईला सगळं सांगायची. पदवीनंतर तिला जॅम बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पगार साहेबाने सांगितलेलाच, वर शंभर रुपये. एका खोलीत पाच मुली राहायच्या. रात्रीचं जेवण पुष्कळदा चहा आणि पाव असायचं. साहेबाचा हिशेब चुकला नव्हता, आणि ती तसं कबूलही करायची. संपतरावांच्या मुलीचा पगार काही वर्षांनी तिच्या पुढे गेला. ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगायचे. निर्मलाने एकही हप्ता चुकवला नाही आणि एकदाही रडगाणं गायलं नाही.

२००६ च्या मार्गशीर्षात मेंढरं मरायला लागली. जबड्याखाली पाण्याच्या पिशवीसारखी सूज यायची आणि चार-आठ दिवसांत जनावर खलास. जंताचं औषध पाजून झालं, गुण आला नाही. सहा मेली तेव्हा निर्मला रजा टाकून आली. तिने लेंड्या पाण्यात कालवल्या, चहाच्या गाळणीने गाळल्या, पेल्यात गाळ बसू दिला. खालचा थेंब काचेवर घेऊन अंगणातल्या उन्हात तिने मला डोळा लावला. माझ्याखाली पिवळी, लांबट, टोपण असलेली अंडी होती. ती पर्णकृमीची, म्हणजे यकृतात राहणाऱ्या चपट्या जंताची, खाचरातल्या गोगलगायींमुळे पसरणाऱ्या. काच घेऊन ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि औषध बदलून दिलं. आणखी दोन मेली, बाकीची उठली.

तेव्हा संपतराव मोकळ्या मनाने म्हणाले, की पोरीच्या पदवीचे पैसे फिटले. ते कौतुकच होतं. निर्मला काच धूत होती. हात थांबवून ती म्हणाली, "तात्या, मेंढरं वाचली म्हणून माझं शिक्षण खरं, असं म्हणू नका. सगळी मेली असती तरी मी हेच शिकले असते."

शेवटचा हप्ता २००९ मध्ये फिटला. त्या रविवारी ती घरी आली, तिने हंड्याच्या तळातला एक थेंब काचेवर ठेवला आणि तुकाबाईला माझ्यापुढे बसवलं. आईने आधी दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला. बराच वेळ ती हललीच नाही.

"पोहत्यात की गं," ती म्हणाली. "एवढी मोठी पंढरी रोज पीत व्हतो व्हय आपण?"

आणि ती पुन्हा वाकली. दुपारची भाकर त्या दिवशी बहिरूंनी केली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना ओलीत ठेवू नका, भिंगाला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा. मग आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरू. आणि घरातलं कुणी शिकायला निघालं, तर पहिल्याच दिवशी त्याला पगार विचारू नका. विचारलाच, तर उत्तर ऐकायची तयारी ठेवा.