नव्वद खण आणि अकरा बटणे

मी एक जुना लाकडी ट्रे आहे, मित्रांनो. ट्रे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चहाचे कप आले असतील, तर ते आधी बाजूला ठेवा. माझ्यावर कप ठेवलात तर तो कलंडेल. मी दोन हात लांब आहे, दीड हात रुंद आहे आणि माझ्यात लहानमोठे नव्वद खण आहेत. एकही खण रिकामा नाही. माझ्या वयाच्या किती वस्तूंना असे सांगता येईल?

माझा जन्म छापखान्यासाठी झाला. सुताराने माझे खण सारखे केले नाहीत, म्हणून त्याला नावे ठेवू नका. माझ्यात शिशाची सुटी अक्षरे राहत. छापखान्यात त्यांना खिळे म्हणत. काही खिळे ओळीओळीला लागत, काही महिन्यातून एकदा. ज्याला मागणी जास्त त्याचे घर मोठे, असा तिथला हिशेब होता.

हे खिळे उचलून ओळी जुळवणारा माणूस माझ्यापुढे उभा राहून काम करी. त्याला जुळारी म्हणत. आता सगळे त्याला आजोबा म्हणतात, पण तेव्हा त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. तो माझ्याकडे बघत नसे. नजर कागदावर आणि हात माझ्यावर. बोटाच्या टोकाला खिळा लागला की तो कोणता, हे त्याला कळे. तो मला म्हणे, "बायकोच्या चेहऱ्यापेक्षा तुझे खण मला जास्त पाठ आहेत. पण हे तिला सांगू नकोस." मी अजून सांगितलेले नाही.

छापून झाले की खिळे धुवायचे आणि एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. हे काम तो गप्पा मारत करी. पुढ्यात काही सुटे दिसले की हात आपोआप चालू लागे. ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिनेच सगळा घोळ घातला आणि तिनेच तो निस्तरला.

एकदा मी हमालाच्या हातून पडलो आणि खिळे या खणातून त्या खणात उडाले. उजव्या कोपऱ्यातल्या खणाच्या तळाला फट पडली. फोरमनने तळाखाली दुसरी पातळ फळी ठोकून घेतली आणि मी पुन्हा कामाला लागलो. दोन फळ्यांमध्ये थोडी पोकळी राहिली, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच आठवड्यात शिशाचा एक स्वल्पविराम हरवला. फोरमन जुळाऱ्याला म्हणाला, "खिशात घालून घरी नेलास की काय? बायकोला दागिना करायला?" सगळा छापखाना हसला. जुळारी हसला नाही. त्याच्या हातून आजवर काही हरवले नव्हते.

मग संगणक आले आणि छापखाना बंद झाला. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाला काय हवे ते विचारले. कोणी भिंतीवरचे घड्याळ घेतले, कोणी खुर्ची. त्याने मला मागितले. घरी त्याची बायको दारातच म्हणाली, "लोक निवृत्त होऊन घड्याळ घेऊन येतात, तुम्ही फळी घेऊन आलात."

त्यानंतर चौदा वर्षे मी कपाटामागे उभा होतो. मध्ये एकदा मला कांदे ठेवायला काढले होते. कांद्यांना वेगवेगळ्या खणांची गरज नसते, त्यामुळे ते काही जमले नाही. आजी गेल्या आणि मला कोणी नावे ठेवायलाही उरले नाही.

माझे दिवस फिरले ते सूनबाईंमुळे. त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करत. लोक झिप बदलून घेत आणि जुनी टाकून देत. सूनबाईंनी एक जुनी पितळी झिप घरी आणली, तिचे दात कात्रीने सुटे केले, गोल वळवले आणि कानातली केली. शेजारणीने ती कानातली काढून नेली, म्हणजे अक्षरशः कानातून. मग सूनबाईंनी बटणे आणली, बाटल्यांची बुचे आणली, सायकलच्या फाटक्या ट्यूबची फुले कापली, फुटक्या बशीचे तुकडे कानशीने घासून गुळगुळीत केले. वर्षभरात दुकानाचे काम सुटले आणि पुढच्या खोलीत मोठे टेबल आले.

पण डबे, बरण्या, पिशव्या यांची एकच गर्दी झाली. एका सकाळी सूनबाई कानातल्याचा एक आकडा शोधत होत्या. अर्धा तास गेला. आजोबा पेपर वाचत होते. ते उठले, कपाट सरकवून मला बाहेर काढले आणि ओल्या फडक्याने पुसले.

"हा घे," ते म्हणाले. "याच्यात ठेवलं तर सापडतं."

"बाबा, एवढे खण? मला पाठ कसे होणार?"

"तुला कशाला? मला आहेत ना."

त्या दिवसापासून आजोबा पुन्हा माझ्यापुढे उभे राहू लागले. छापखान्यातला जुना एप्रनही त्यांनी शोधून अंगावर चढवला. माझ्या सगळ्यात मोठ्या खणात सदऱ्याची पांढरी बटणे गेली, कारण त्यांना मागणी जास्त. त्याखालच्या खणांत तपकिरी बटणे, फिकटापासून गडदपर्यंत. मग झिपचे दात, घड्याळांची चाके, बिनकुलपाच्या चाव्या, तारेच्या कड्या. आणखी एक काम आजोबांकडे आले. प्रत्येक दागिन्याला एक चिठ्ठी बांधायची आणि तो आधी काय होता ते तीवर लिहायचे. 'पूर्वी: सायकलची ट्यूब.' 'पूर्वी: हॉटेलची फुटकी बशी.' अक्षर असे, की लोक दागिना घरी नेल्यावरही चिठ्ठी फेकत नसत.

रविवारच्या बाजारात मीही जाई. एकदा एका बाईंनी माझ्यावर हात फिरवून विचारले, "हा ट्रे विकता का?"

सूनबाई म्हणाल्या, "तो विकायला नाही आला. कामावर आलाय."

तुम्हाला म्हणून सांगतो, मित्रांनो, त्या दिवशी घरी येताना मी रिक्षातून नाही, हवेतून आलो.

आता त्या गुरुवारची गोष्ट. समोरच्या इमारतीत एक नर्सबाई राहत. सकाळी त्या एक पाकीट घेऊन आल्या. त्यांचे वडील स्टेशनवर तिकिटे देत, त्यांच्या कोटाची तपकिरी बटणे त्यात होती. पुढची तीन मोठी आणि बाह्यांची आठ लहान. कोट कसरीने खाल्ला होता, बटणे उरली होती.

"दोन ब्रेसलेट करा," त्या म्हणाल्या. "मला पाच बटणांचं, धाकट्या बहिणीला सहाचं. लहानपणी सगळ्यात तिला एक जास्त लागायचं. शनिवारी ती परदेशी निघते, परत कधी येईल माहीत नाही."

"उद्या सकाळी न्या," सूनबाईंनी शब्द दिला.

त्यांनी बटणे मोजून टेबलावर ओतली आणि तारेचे माप घेतले. तार कमी पडत होती, म्हणून त्या बाजारात गेल्या. दुपारी आजोबा जेवून, हात धुऊन टेबलाशी आले. रविवारच्या बाजारातून आणलेल्या पिशवीतली बटणे त्यांनी एकेक करून माझ्यात टाकली. पिशवी संपली. पुढ्यात आणखी सुटी बटणे होती. हात थांबला नाही. अकराच्या अकरा त्यांनी रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे माझ्यात टाकली. एकही चुकीच्या खणात गेले नाही. इतके चोख काम त्यांनी केले, आणि तीच चूक झाली.

सूनबाई आल्या, टेबलाकडे बघितले, मग पाकिटाकडे.

"बाबा, इथली बटणं कुठेत?"

"जागच्या जागी," आजोबा समाधानाने म्हणाले.

सूनबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी सगळे सांगितले. आजोबांनी एप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि टेबलाच्या कडेला ठेवला. "माझा हात आता या टेबलाला नको," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

तेवढ्यात मुलगा, म्हणजे सूनबाईंचा नवरा, कामावरून आला आणि त्यालाही सगळे कळले. तो बस चालवतो आणि सगळ्या गोष्टी वेळेत उरकायच्या असे त्याचे मत आहे.

"अगं, एवढं काय त्यात? कुठलीही अकरा तपकिरी बटणं दे. बटणावर काय नाव असतं?"

"आणि चिठ्ठीवर काय लिहू? पूर्वी: कोणाची तरी बटणं?"

"मग सगळं चादरीवर ओतू आणि शोधू." त्याने मला दोन्ही हातांनी उचलले. मी तिरका झालो. माझ्या पोटात बटणे सरकू लागली.

"ठेव खाली." आजोबा दारात उभे होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मुलाने मला लगेच खाली ठेवले. "ओतलंस तर संपलं. शेवटी टाकलेलं सगळ्यात वर असतं."

"बाबा, वर तर पिशवीतलीही असतील," सूनबाई म्हणाल्या.

"असू देत. हाताला कळेल."

सूनबाईंनी एप्रनची घडी मोडली आणि तो त्यांच्या पुढे धरला. आजोबांनी तो लगेच घेतला नाही. मग घेतला.

त्यांनी डोळे मिटले. हात एका खणावर गेला, तिथून दुसऱ्यावर. दुपारी ज्या वाटेने गेला होता तीच वाट तो उलटी चालत होता. वरचे बटण उचलायचे, कडेवरून अंगठा फिरवायचा. "हे नाही. हे पिशवीतलं." पुढचे. "हे. एका बाजूनं झिजलंय. टाकतानाच जाणवलं होतं मला, पण हात पुढे गेला." उन्हे भिंतीवरून उतरेपर्यंत टेबलावर दहा बटणे आली. तीन मोठी, सात लहान. अकरावे काही येईना.

मला ते कुठे आहे हे माहीत होते. मुलाने मला तिरके केले तेव्हाच ते खाली घसरले होते, माझ्या पोटातच. पण ट्रेला तोंड नसते, मित्रांनो. मी आयुष्यात एवढा अगतिक कधीच झालो नव्हतो, कांद्यांच्या वेळीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी नर्सबाई आल्या. सूनबाईंनी आधी खरे काय ते सांगितले आणि मग बटणे दाखवली. नर्सबाईंनी एक लहान बटण उचलून नखाने त्याची कड चाचपली.

"हीच. तिकिटाच्या खिडकीवर त्यांच्या बाह्या घासायच्या. आई म्हणायची, कोट घालता की कानस?" त्यांनी बटणे मोजली. "दहा मिळाली ना? पुष्कळ झाली."

मुलगा कामावर निघता निघता म्हणाला, "बघा, पाच-पाच. वाटणीही सारखी."

नर्सबाई हसल्या, पण त्यांचे बोट टेबलावर सहाव्या जागी टेकले होते.

आजोबांनी ते बघितले. "अकरा आणली होती," ते म्हणाले.

ते पुन्हा माझ्यापुढे उभे राहिले. तपकिरीचे खण त्यांनी एकेक चाचपले, अगदी तळापर्यंत. शेवटी उजव्या कोपऱ्यातल्या खणात बोट गेले आणि तिथेच थांबले. फट त्यांच्या बोटाला लागली होती.

"सूनबाई, यातली बटणं एका वाटीत काढ. आणि बारीक पक्कड दे."

त्यांनी मला पालथे घातले नाही. त्या कोपऱ्याखाली हात धरून खालच्या फळीचे दोन खिळे उपसले आणि फळी बोटभर वाकवली. त्यांच्या तळहातावर दोन वस्तू पडल्या. एक तपकिरी बटण, एका बाजूने झिजलेले. आणि शिशाचा एक काळा, बारीक तुकडा.

बटण त्यांनी नर्सबाईंच्या पुढे ठेवले. तुकडा बोटाच्या टोकावर घेतला. डोळ्यांनी बघायची गरज पडली नाही.

"स्वल्पविराम," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. आणि फोरमन म्हणत होता मी खिशात घातला."

"बाबा, याचं लॉकेट करू तुम्हाला?"

"छे, शिसं आहे. अंगावर घालू नये." पण त्यांनी तो टाकलाही नाही. धुऊन, पुसून, झाकणाच्या काचेच्या डबीत घालून त्यांनी तो माझ्या डाव्या बाजूच्या एका छोट्या खणात ठेवला. पूर्वी स्वल्पविराम तिथेच राहत.

तासाभरात दोन ब्रेसलेट तयार झाली, एक पाचाचे, एक सहाचे. चिठ्ठ्या आजोबांनी लिहिल्या. 'पूर्वी: तिकिटे देणाऱ्या हाताच्या बाह्या आणि कोट.' नर्सबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पर्समध्ये ब्रेसलेटच्याही आधी ठेवली.

आता टेबलावर निळ्या काठाची एक बशी असते. गिऱ्हाइकाने आणलेली वस्तू त्या बशीत. तिला आजोबांनी हात लावायचा नाही, बाकी सगळे टेबल त्यांचे. हा नियम सूनबाईंनी केला आणि आजोबांनी तो स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला लावला. नर्सबाईंच्या ओळखीने अशी कितीतरी पाकिटे येऊ लागली आहेत. कोणाच्या आजीच्या चाव्या, कोणाच्या भावाच्या बुटांच्या कड्या. माझ्या तळाची फट मात्र सूनबाईंनी खळ आणि कागद लावून बुजवली.

मित्रांनो, मला पुसा, सरळ ठेवा, ओल्या जागी ठेवू नका, एवढे मी मागतोच. जुन्या लाकडाला ते लागते. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. घाई झाली, काही सापडत नाही, म्हणून माझ्यासारख्याला चादरीवर पालथे करायला तुम्ही उचलाल. तेव्हा क्षणभर थांबा आणि आतल्या खोलीत जाऊन, ज्याने खण भरले त्याला आधी विचारा.