माझ्या कापलेल्या अकरा ओळी

मी एक रहस्यकथा बोलतेय. पानं पाच, वय एकेचाळीस, आणि जिवाला स्वस्थता म्हणाल तर अजिबात नाही. लोक मला अजरामर म्हणतात. अहो, जिला शेवटच धड मिळाला नाही, ती मरणार तरी कशी!

मला लिहिलं सिंधूताईंनी. तेव्हा त्या नरखेडकडच्या एका गावात शाळेवर बाई होत्या. माझ्यातली गोपिका एके दिवशी संत्र्याच्या बागेतून नाहीशी होते. गावभर शोध होतो, नवऱ्यावर संशय जातो. शेवटी तिची मैत्रीण हर्षा विहिरीत दोर सोडते, हाक मारते, आणि दोर जड होतो. त्यापुढे अकरा ओळी होत्या.

नागपूरच्या एका दिवाळी अंकात मी छापून आले. ऐन वेळी गांधीबागेतल्या एका साडीदुकानाची जाहिरात आली. दिवाळी अंकवाला जाहिरात परत पाठवतो होय? संपादकांनी माझ्या शेपटावर कात्री चालवली. ‘दोर जड झाला’ इथंच मी संपले आणि खाली जरीच्या साडीतली बाई हसत उभी राहिली.

वाचक वेडे झाले. ‘काय शेवट केलाय!’ म्हणून पत्रं आली. पहिल्याच कथेचं एवढं कौतुक. ताईंना खरं सांगवेना. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

कारण मग जो तो मला आपला शेवट जोडू लागला. रेडिओच्या श्रुतिकेत दोराला प्रेत आलं. हिंगण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांनी एकांकिकेत भूत काढलं. ते भूत पाळी सुटल्यावर धावतपळत यायचं, अंगाला ग्रीसचा वास घेऊन. झाडीपट्टीच्या नाटकात गोपिका मेल्यावरही दोन गाणी म्हणायची. नाना तऱ्हा झाल्या, पण गोपिका प्रत्येक वेळी मेलेलीच.

परवा सौरव नावाचा तरुण दिग्दर्शक ताईंकडे आला. ताई आता ब्याऐंशीच्या आहेत.

“ताई, सच्ची सांगतो, पूरा सिनेमा तुमच्या त्या शेवटावर उभा आहे. दोराले नेमकं काय होतं?”

ताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी श्वास रोखून होते.

“गोपिका होती गा. जित्ती. हर्षा तिले वर काढते, पदरानं तोंड पुसते अन् म्हणते, ‘घरी चाल वं.’ माही खरी मैत्रीण विहिरीत गेली, तवा मी पोचलीच नाही. म्हणून कथेत पोचली होती.”

सौरव चुळबुळला. “पण ताई, लोकाइले जुनाच शेवट माहीत आहे. असं केलं तर म्हणतील, मूळ कथेची वाट लावली.”

“मंग काहून विचारून राहिला गा?” एवढंच म्हणून ताईंनी डोळे पुसले.

वाचकहो, सिनेमा यायचा तसा येईल. मला त्याचं काही नाही. पण तुम्हाला आता ठाऊक झालंय, गोपिका जिवंत आहे आणि एकेचाळीस वर्षं हात वर करून उभी आहे. एकदा तरी तिला वर घ्या. घरी न्या.