चाकांवरचे पांढरे पट्टे

पलीकडच्या देशाची खिडकी वर्षातून एकदाच उघडायची, त्यांच्या संचलनाच्या दिवशी. एरवी तिथून ना पत्र, ना फोन, ना माणूस. धमक्या तेवढ्या वेळेवर यायच्या. बाकी सगळी झाकली मूठ, आणि त्या मुठीत किती आहे हे सांगण्याचं काम सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आकडेबाईंचं.

हे नाव ऑफिसने ठेवलेलं, आणि बाईंना ते आवडायचं. टीव्हीवर संचलनात दिसेल ते मोजायचं आणि दिसलं ते खरं धरायचं, असा तिथला जुना रिवाज. यंदा नऊ लांबलचक ट्रक आले, प्रत्येकावर एकेक नवं क्षेपणास्त्र. अहवाल गुरुवारी चारपर्यंत द्यायचा होता. त्यात नऊ लिहिलं की सीमेवरच्या सगळ्या सुट्ट्या रद्द. तिथेच बाईंचा धाकटा भाऊ होता. त्याची दोन महिन्यांची लेक बाईंच्याच घरी होती, पण त्याने ती अजून पाहिली नव्हती, आणि शनिवारी तो घरी यायचा होता.

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता बाबा पेपरातला फोटो बघत बसले. त्यांची हयात ट्रक दुरुस्त करण्यात गेली होती. माणसाचं तोंड नंतर, आधी ते त्याच्या गाडीचे टायर बघायचे.

“हे रिकामे चाललेत,” बाबा म्हणाले.

“कशावरून?”

“अगं, मिरवायला चाकांवर पांढरा पट्टा रंगवलाय ना? बघ कसा गोल गरगरीत आहे. एवढं वजन खरंच वर असतं तर टायर खाली दबला असता, पट्टा चपटा झाला असता. वर नुसता पत्रा ठेवलाय.”

बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हौसेने रंगवलेल्या पट्ट्यांनीच पलीकडच्यांचं बिंग फोडलं होतं! चहा तसाच टाकून त्या ऑफिसात गेल्या.

साहेब मनमुराद हसले. “म्हणजे बडा घर पोकळ वासा. लिहून टाका, बाई.”

पण पेपरातल्या फोटोत तीनच ट्रक होते, आणि बाईंचा स्वभाव चौकस. त्यांनी पूर्ण चित्रफीत लावली. चौथा ट्रक रिकामा, पाचवाही. सहाव्याचा पट्टा मात्र खाली चपटा होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी तो चपटाच. सातव्यापासून पुढचे पट्टे पुन्हा गोल. त्यांनी घरी फोन लावला.

“बाबा, हवा कमी असली तरी पट्टा दबेल ना?”

“दबेल की. पण एखाद्या चाकाची हवा कमी असते. सगळी बसलीत?”

“या बाजूची आठच्या आठ.”

“मग तो पुढच्या गाडीपासून किती लांब आहे ते बघ. भरलेल्या गाडीचा ड्रायव्हर ब्रेकवर भरवसा ठेवत नाही.”

बाकीच्या गाड्यांमध्ये वीसेक फूट अंतर होतं. सहाव्याने चाळीस ठेवलं होतं. आठ खोट्यांच्या गर्दीत एक खरं कशाला लपवलं असेल? त्या ड्रायव्हरला तरी ठाऊक असेल का आपल्या पाठीवर काय आहे? क्षणभर बाई त्या कोड्यात इतक्या रंगल्या, की शनिवार विसरल्या. मग फोनमधून भाचीचं रडणं ऐकू आलं.

सहावा ट्रक दुसऱ्या कोणीही पाहिला नव्हता. साहेब तर सगळे रिकामे मानूनच बसले होते. बाईंनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. हे असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

चारला साहेबांनी कागद वाचला. “एक? एका नगासाठी सगळ्या सुट्ट्या घालवायच्या?”

“एकच पुरतं, साहेब,” बाई म्हणाल्या आणि खाली सही केली.

शुक्रवारी भावाचा फोन आला.

“ताई, सुट्टी गेली. कोण्या शहाण्याने वर काय खरडलंय कोण जाणे.”

ऑफिसातलं काही बोलायची मुभा नव्हती, आणि असती तरी त्यांच्याच्याने बोलवलं नसतं.

“एकदा त्याला विचारायचंय,” भाऊ म्हणाला, “त्याचं कोणी आहे का इथे सीमेवर.”

“असेल,” आकडेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन भाचीच्या तोंडाशी धरला.