लाल पट्ट्याइतकी उंच

मी एक जुनी काठी आहे मित्रांनो, आणि माझं अर्धं आयुष्य न वाढण्यात गेलं. हसू नका. जंगलात सगळंच वाढतं. झाड वाढतं, वेल वाढते, वारूळसुद्धा वाढतं. पण वाढणाऱ्या गोष्टी मोजायच्या तर एक तरी न वाढणारी वस्तू जवळ लागते. ती मी. उंची साडेचार फूट. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. म्हणजे तेव्हा तरी.

धुळ्याच्या तोताराम मिस्त्रींनी मला सागाच्या फळीतून काढलं. साल होतं १९८६. खाली पितळेचं टोपण ठोकलं, मला उभं धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "सरळ आहे. कामाला येईल." माझं पहिलं कौतुक ते.

मला न्यायला देवचंद आला. पाचोऱ्याचा पोरगा, वनसंशोधनाच्या एका योजनेत नवीनच लागलेला. गणिताचं भारी वेड. आम्ही दोघं जीपमधून चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गेलो. तिथे उन्हाळ्यात गवत संपलं की ढोरं अंजनाच्या झाडांच्या पाल्यावर जगतात. पाला तोडायची परवानगी होती. ती पुढे ठेवायची की बंद करायची, एवढंच ठरायचं होतं. त्यासाठी देवचंद एक समीकरण बांधणार होता. झाडाचा घेर किती, त्यावर पाला किती, आणि केवढा पाला काढला तरी झाड वाढत राहतं. दोन-तीन वर्षं तीच झाडं, तीच जागा, तेच माप.

घेर छातीच्या उंचीवर मोजतात. पण कुणाच्या छातीच्या? पाड्यावरचा खेमा मजुरीला होता. बुटका आणि तोंडाचा तिखट.

"साहेब, माझ्या छातीवर मोजलं तर झाड जाड निघेल. तुमच्या छातीवर मोजलं तर बारीक. मग झाडाने कुणाचं ऐकायचं?"

देवचंद हसला. "कुणाचंच नाही. हिचं ऐकायचं." आणि त्याने मला बुंध्याला टेकवलं. मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. माझ्या डोक्याच्या रेषेत प्रत्येक झाडाला तेलरंगाचा लाल पट्टा मारला. पुढच्या वर्षी फीत बरोबर तिथेच बसावी म्हणून.

संध्याकाळी जीपचा हॉर्न वाजला. घाई झाली. देवचंदने फीत घेतली, रंगाचा डबा घेतला, आणि मी एका अंजनाला टेकलेली तशीच राहिले. जीपचा आवाज लांब गेला. मग थांबला.

वाटलं, उद्या येतील. नाही आले. पावसात मी आडवी पडले. टोपण मातीत गेलं, तळाला वाळवी लागली. हिवाळ्यात पानं माझ्यावर पडली आणि मी झाकून गेले. न वाढणाऱ्या वस्तूला कुणी शोधत नाही, हे मला तिथे कळलं.

मला उचललं ते भुरीबाईने. खेमाची काकू ती. तिने मला हातात तोलून बघितलं, विळ्याने माझं एक टोक तासलं आणि तोच विळा सुंभाने त्या टोकाला बांधला. माझी आकडी झाली. झाडावर चढूनही हात पोचत नाही तिथली फांदी ओढायला.

उन्हाळा आला. बायका निघाल्या. आणि बघते तर काय, सगळ्या लाल पट्ट्याच्या झाडांवर! बाजूची बिनपट्ट्याची झाडं हिरवीगार, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. पट्ट्याची तेवढी सोलून काढली. एकेका झाडाचा नुसता बुंधा उरला. ज्या झाडांना मी माप दिलं, त्यांच्याच फांद्या माझ्या टोकाने खाली येत होत्या. मी काय करणार? काठीला हाक मारता येत नाही.

मग माणसं पुन्हा आली. बरोबर मोठे साहेब. पट्ट्यावर फीत बसली, आणि देवचंदचा चेहरा उतरत गेला. झाडं वाढलीच नव्हती. मोठ्या साहेबांनी सावलीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "पाल्याने झाडं मरतायत. परवानगी बंद, असं लिही."

तेवढ्यात भुरीबाई भारा घेऊन वाटेने आली. तिच्या खांद्यावर मी.

देवचंद धावलाच. "अक्का, ही माझी काठी!"

"तुन्ही? वरीसभर कोठे व्हतास मग?" भुरीबाईने मला घट्ट धरलं. "टाकी गया तू. मी उचली लिधी."

"बरं, राहू दे. पण अक्का, एवढं जंगल पडलंय, तुम्ही माझीच झाडं का सोलली?"

भुरीबाईला त्याचंच नवल वाटलं. "लाल पट्टा मारा तुम्हीच ना? पट्टा मारा म्हनजे झाड गये. ठेकेदार यी, कापी टाकी. त्याना पहिले पाला तरी आम्हना ढोरेसले."

तोडायच्या झाडांना वनखात्याची माणसं असाच पट्टा मारून जात. पाड्याने तो पट्टा बापजाद्यांपासून पाहिलेला.

"मोजायला मारला होता गं तो," देवचंद हळूच म्हणाला.

"मंग सांगं का नही?" भुरीबाई म्हणाली. खेमाही तिथेच होता. तिने त्याच्याकडे मान वळवली. "तुले तरी म्हाईत व्हतं का रे?"

"मला वाटलं, आधी मोजतील, मग कापतील," खेमा म्हणाला.

देवचंदने सगळं मोठ्या साहेबांना सांगितलं. हे आकडे खोटे नाहीत, पण रोजच्या पालातोडीचे नाहीत, भीतीचे आहेत, यांच्यावर समीकरण बसणार नाही. साहेब चिडले. "आकडे फेकलेस तर योजनेत उरलं काय? बंद पडेल ती. तू कुठे जाशील?"

"बघू साहेब," देवचंद म्हणाला. तेवढंच.

जाताना त्याने मला बुंध्याजवळ उभं केलं. वाळवी आणि विळा मिळून मी चार बोटं कमी झाले होते. मापाला आता निकामी. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि मला भुरीबाईला देऊन टाकलं. "अक्का, ही झाडं कुणी कापणार नाही. आता एक करा. लाल पट्ट्याच्या झाडाला नव्या फांद्या फुटल्या की तीनातली एकच घ्या, दोन ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात मी येतो, मोजतो. झाड वाढलेलं दिसलं की तुमचा पाला कुणी बंद करणार नाही."

योजना खरंच बंद पडली. देवचंदची बदली दोंडाईच्याकडे झाली, असं खेमा एकदा सांगत होता. बंदीचा कागद आला नाही. परवानगी कायम झाल्याचाही आला नाही. बाईमाणूस उन्हाळ्यात रानात जातं ते अजून धाकातच.

पण मित्रांनो, भुरीबाईने शब्द पाळला. तीनातली एक. दुसरी कुणी जास्त तोडायला गेली तर ओरडायची, "ऱ्हाऊ दे! भाऊ यी, मोजी!" आता तिला चढवत नाही. मी तिच्या दाराशी टेकलेली असते. सुंभ कुजला, विळा दुसरीकडे गेला. पण बाकीच्या बायका तीनातली एकच घेतात. का, ते लहान सुनांना माहीतही नसेल.

दारातून एक अंजन दिसतो. त्याचा लाल पट्टा उडत चाललाय. आधी एक चीर पडली, मग खूप पडल्या. रंग ताणला जात नाही ना. आतलं झाड जाड व्हायला लागलं की तो तडकतो. एकेका चिरेतून नवी साल दिसते. मला बोट दाखवता येत नाही. भुरीबाईला तेवढं लांबचं दिसत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. कुठे काही मोजायला गेलात, खूण करायला गेलात, तर तिथल्या माणसाशी आधी दोन शब्द बोला. आणि पुन्हा येतो म्हणालात तर या. इथे झाडं वाढलीयत. कुणी तरी फीत घेऊन या.