जानेवारीची हजेरी

मी एक जुनी जीप आहे, आणि मित्रांनो, मला उभे राहणे जमत नाही. सध्या मात्र उभीच आहे. सातपूरला एका कार्यालयाच्या आवारात, सायकल स्टँडच्या मागे. पुढच्या टायरमधली हवा रोज थोडी थोडी जाते, आणि बाहेर कुणी गाडी सुरू केली की माझा जीव खालीवर होतो.

माझा जन्म इथल्याच एका कारखान्यातला. अंगावरचा रंग सुकतो न सुकतो तोच एका संस्थेने मला नेले. ही संस्था राज्यभर कम्युनिटी कॉलेजे चालवते. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांना दिवसभर राबून पोट भरावे लागते, त्यांनी तिथे यावे आणि वायरिंग, शिवणकाम, रुग्णसेवा असे काही शिकून प्रमाणपत्र घ्यावे. कॉलेज म्हणजे कुठे दोन खोल्या, कुठे नुसते समाजमंदिर. केंद्रे कोकणापासून विदर्भापर्यंत पसरलेली, पण त्यांचे नियोजन होते नाशिकला.

सुधाताई पहिल्या संचालक. त्यांचा एक हट्ट होता. वर्षाचा आराखडा कार्यालयात बसून करायचा नाही. उन्हाळा लागला की त्या मला बाहेर काढत आणि केंद्रामागून केंद्र पालथे घालत. जिथे जाऊ तिथे माझ्या बॉनेटवर कागद पसरले जात, उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले जात, आणि चहाचे पेले माझ्याच अंगावर ठेवून माणसे तावातावाने भांडत. इथे शिवणयंत्रे नकोत, पंपदुरुस्ती शिकवा. वर्ग लवकर सोडा, शेवटची एसटी चुकते. सुधाताई ऐकून घेत, कधी चिडत, आणि आराखडा तिथल्या तिथे बदलत. माझा चालक कोंडाजी चहाचे डाग घासताना बडबडायचा. मी मात्र ते डाग मिरवायचे. राज्याचे कॉलेज माझ्या पाठीवर ठरते, असे मला वाटायचे.

मग सुधाताई निवृत्त झाल्या आणि आल्हाद सर आले. माणूस वाईट नव्हे, उलट भलताच कामसू. पण त्यांना सगळे संगणकाच्या एका पडद्यावर दिसायला हवे असे. प्रत्येक केंद्राची जानेवारीतली हजेरी त्या पडद्यावर येई. भरलेले केंद्र हिरवे, रिकामे केंद्र लाल. जानेवारीच का? तर शहरांत त्या महिन्यात वर्ग गच्च भरलेले असतात म्हणून. एकच महिना, एकच माप, सगळ्या राज्याला! लाल केंद्रे मोठ्या केंद्रांत मिसळून टाकायची, असा नवा आराखडा निघाला. सरांना पांढरी, बुटकी, नवी गाडी मिळाली आणि मी सायकल स्टँडमागे आले. हे सगळे मी कोंडाजीच्या तोंडून ऐकत होते आणि नुसती धुमसत होते.

यंदा सुरगाण्याकडच्या डोंगरातले केंद्र लाल झाले. ते सिन्नरच्या केंद्रात मिसळायचे ठरले. आता डोंगरातल्या बाईने सिन्नरला शिकायला जायचे म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. तिथली केंद्रप्रमुख सरिता त्याच डोंगरातली, त्याच केंद्रात शिकून पुढे तिथेच शिकवायला लागलेली. तिने कार्यालयात किती फोन केले, पण लाल रंग काही हलला नाही. शुक्रवारी नियामक मंडळ निर्णय पक्का करणार होते. त्याआधी संचालकांनी केंद्र पाहून येणे भाग होते, आणि घाटात रस्त्याचे काम चालू होते. बुटक्या गाडीचे पोट खडीला टेकले असते. म्हणून कोंडाजी बॅटरी आणि हवेचा पंप घेऊन माझ्याकडे आला. काय सांगू! पहिल्याच चावीला मी अशी गुरगुरले की तो दचकलाच.

दिंडोरी आली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, तोडणी जोरात, क्रेटने लादलेले ट्रॅक्टर. आल्हाद सर मोबाइलमध्ये डोके घालून बसले होते. एकदा बाहेर बघा हो, असे म्हणायला मला तोंड नव्हते, म्हणून मी एका खड्ड्यात मुद्दाम जोरात आदळले. त्यांनी कपाळ चोळले आणि पुन्हा मोबाइल पाहिला.

केंद्रावर एकटी सरिता होती. बाके रिकामी.

"बघा," सर म्हणाले, "पडदा खोटं बोलत नाही."

"नाही बोलत, सर. जानेवारीत इथं कुणीच नसतं. भात निघाला की सगळे द्राक्षाच्या कामाला जातात, ते शिमग्याला परततात. तुम्ही त्यांच्यामधूनच आलात की. दिंडोरीच्या बागांत माझाच वर्ग होता."

"मग शिकतात कधी?"

सरिता बाकावरची धूळ पुसू लागली. वर्ग नोंदवलेल्या पत्त्यावरच भरवायचा, असा संस्थेचा नियम. दुसरीकडे भरवला तर केंद्रप्रमुख निलंबित.

"मी संध्याकाळी तिकडे जाते," ती शेवटी म्हणाली. "बागेतल्या शेडमध्ये वर्ग घेते. हजेरी लावत नाही. इथल्या पत्त्यावर लावली तर ती खोटी होईल ना, सर."

सरांचा चेहरा कडक झाला. आता ही बाई केंद्राबरोबर नोकरीही घालवणार, या भीतीने मी अस्वस्थ झाले. "चला, दाखवा तो वर्ग," एवढेच सर बोलले. सरिता मागे बसली. संध्याकाळी आम्ही पुन्हा दिंडोरीला पोहोचलो.

शेडच्या दारातच मला उभे केले, म्हणून मला सगळे दिसले. उलट्या क्रेटवर बाया आणि काही पुरुष बसले होते, अंगावर दिवसभराची धूळ. पुतळाबाई नावाची पोक्त बाई बागेच्या मालकाच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधत होती. सरांना पाहून ती उठली नाही.

"बसा सायेब, तुमचापन मोजते. हात सैल सोडा. बोलू नका."

संचालक निमूट क्रेटवर बसले. काटा पाहून पुतळाबाईने मान हलवली. "चढलाय की. लय इचार करता जनू."

सगळे हसले. सरही हसले, पण लगेच गंभीर झाले. "केंद्र बंद झालं, तर सिन्नरला याल का, बाई?"

"सिन्नरला?" ती पट्टा गुंडाळू लागली. "नाय सायेब. मंग आमचं शिकनं हितंच सपलं. आमच्या पाड्यावर दवाखाना नाय, म्हनून तर हे शिकते."

सर वर्ग संपेपर्यंत बसून राहिले. परतताना मोबाइल त्यांच्या खिशात होता.

शुक्रवारी वर बैठक चालू होती आणि खाली मी तळमळत होते. इतकी वर्षे घाट चढले, पण ती दुपार मला चढवेना. कोंडाजी मधूनच वर जाऊन कानोसा घेऊन येई. सरांनी स्वतःचाच आराखडा मागे घेतला, असे त्याने सांगितले. मंडळाला ते रुचले नाही. केंद्रप्रमुखाने नियम मोडला त्याचे काय, असे एका सदस्याने खडसावून विचारले. "नियम चुकीचा होता," सर म्हणाले. "तिला शिक्षा करायची, तर आधी माझा राजीनामा घ्या."

संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा सर खाली आले आणि माझ्या दाराला टेकून त्यांनी फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"सरिताताई, केंद्र राहिलं. यापुढे हजेरी त्या त्या भागाच्या हंगामाप्रमाणे पाहायची. तुमच्यावर कारवाई नाही. आणि दिंडोरीत वर्ग भरवायला परवानगीही मिळाली. केव्हापासून सुरू करताय?"

पलीकडे क्रेट सरकल्याचा आवाज आला. "बरं झालं, सर. फार बरं झालं." ती म्हणाली. "पण आत्ता वर्ग चालू आहे. तासाभरानं बोलू का?"

आणि तिने फोन ठेवलासुद्धा! सर फोनकडे पाहत राहिले, मग मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना मी प्रथमच पाहिले.

मित्रांनो, माझी मुदत संपली आहे. लवकरच मला भंगारात नेतील. मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. जायचेच आहे, तर लवकर न्या, हे उभे राहणे सोसवत नाही. पण उद्या तुमच्यातले कुणी मोठ्या खुर्चीवर बसेल, चार गावांचे, चारशे गावांचे आराखडे करील. तेव्हा कुणाचे दार बंद करण्याआधी गाडी काढा आणि जाऊन या. आणि पत्त्यावर माणसे भेटली नाहीत, तर ती कुठे गेली आहेत, ते विचारा.